खांदा माझा, खून विठूचा

मांडवी, रत्नागिरी
फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८५१

राजमान्य राजेश्री हरिश्चंद्रदादा यांच्या सेवेशी,

तुमच्या मेहुण्याचा, म्हणजे आत्मारामाचा, साष्टांग नमस्कार पोचावा. तुमचा दमा कसा आहे? वहिनींचे गुडघे जिना चढताना अजून धरतात का? इकडे सर्व खुशाल आहे असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो. आपली भगिनी सौ. कमळा हिची प्रकृती उत्तम आहे. जरुरीपेक्षा उत्तम आहे. गाय व्याली, कोकमे बरी आली आहेत. माझे विचाराल तर अन्नावर वासना नाही, डोळ्याला डोळा लागत नाही, आणि आरशात पाहिले की आपला चेहरा खुनी माणसासारखा का नाही, हा एकच विचार मनात येतो. वैद्यबुवा पित्त म्हणतात. पित्त नव्हे दादा, मत्सर आहे. तुमच्यापासून काय लपवायचे? माझा चुलतभाऊ विठू (आमच्या दगडी गडग्यापलीकडे राहतो तो, पुढे आलेल्या दातांचा) मेला, पुन्हा उठला, त्याचे बारसे झाले, मुंज झाली, आपल्याच बायकोशी दुसऱ्यांदा लग्न झाले, आणि या सगळ्यात माझ्या वाट्याला काय आले, तर त्याचे सुतक. आता हे कसे घडले ते पहिल्यापासून लिहितो, कारण गावची माणसे मुंबईस येऊन तुम्हाला निराळेच सांगतील आणि वर हसतील.

पौष सरता सरता मुंबईच्या बोटीतून 'शुभमंगल फिल्म कंपनी' नावाची मंडळी मांडवीस उतरली. (चित्र खुनाचे आणि नाव शुभमंगल. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.) मंडळी म्हणजे तरी किती? साहेबी टोप घातलेला एक डायरेक्टर, तिपाईवरच्या पेटीची कळ फिरवणारा एक गृहस्थ, एक नायिका, आणि त्या सगळ्यांवर नजर ठेवणारी नायिकेची आई. खुन्याचे काम करणारा नट निघताना बरोबर होता म्हणे, पण त्याला बोट इतकी लागली की जयगडास तो पडावात बसून किनाऱ्याला गेला आणि यापुढे पायी जाता येईल तेवढ्याच गावी नटेन असे सांगून नाहीसा झाला. डायरेक्टर माझ्या दुकानात आला तो दोर मागायला. (गलबतांचा दोर, डांबर आणि दिव्याचे तेल माझ्याइतके चांगले मांडवीत कोणाकडे नाही, हे तुम्ही जाणताच.) मी सहज विचारले, दोर कशाला? तो म्हणाला, फाशीला. मग फळीवर बसून त्याने कथा सांगितली. एका खुन्याला फाशी होते, गावकरी त्याला मसणात नेतात, आणि तो सरणावरून उठून न्यायाधीश, वकील आणि साक्षीदार यांचे एकामागून एक गळे दाबतो. शेवटी नायिका तुळशीचे पाणी शिंपडून त्याला परत मारते. दादा, ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. भीतीने नव्हे, हक्काने.

कारण महाशिवरात्रीच्या उत्सवात आमच्या देवळापुढे जे नाटक होते, त्यातला दुष्ट माणूस आज कित्येक वर्षे मीच आहे, आणि माझे विकट हास्य वारा अनुकूल असला तर राजिवड्यापर्यंत ऐकू जाते. (शेजारच्या सोनूबाईंची म्हैस त्या हास्याने आटली असे त्या अजून सांगतात. मी ते मानपत्र समजतो.) मी दोराचे भेंडोळे बाजूला ठेवले, दुकानाचे दार लोटले आणि डायरेक्टरपुढे ते हास्य आरंभापासून शेवटपर्यंत करून दाखवले. तेलाचे डबे वाजले. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. मला वाटले, बिचाऱ्याची वाचा बसली. मग त्याने अगदी मायेने सांगितले की आमच्या चित्राला आवाज नाही, माणसे नुसती दिसतात आणि बोलणे असले तर पडद्यावर पाटी येते. तेव्हा हसू वगळून चेहरा कसा दिसतो तो दाखवा. मी दाखवला. तो म्हणाला, चेहरा फार सज्जन आहे. साक्षीदारालासुद्धा चालणार नाही. सज्जन म्हटल्याचे इतके दुःख मला जन्मात झाले नव्हते. आणि नेमका तेव्हाच विठू दार ढकलून आत आला, तंबाखूची चिमूट मागायला. हा विठू उत्सवात काय करतो? पडदा ओढतो. तोही अर्ध्यावर अडकतो. त्याने आपले दात काढून डायरेक्टरकडे पाहिले, आणि डायरेक्टर टोप काढून उभा राहिला. दोर माझ्या दुकानातला आणि मान विठूची, असा तो न्याय झाला.

पुढे काय विचारता! सगळ्या मांडवीला दुसरा विषय उरला नाही. रात्रीचे भयंकर प्रसंग ही मंडळी भर दुपारच्या उन्हात घेत. (फीत मुंबईस नेऊन निळ्या रंगात बुडवली की रात्र होते म्हणे.) विठू घामाने निथळत, डोळ्यांभोवती काजळ फासून माडांच्या सावलीतून गळे दाबायला निघाला की पोरे पळत, बायका किंचाळत आणि मग तोच थांबून त्यांना पाणी विचारी. आता ते काजळ कोणाचे, तर आमच्या घरचे. गाईच्या तुपाच्या दिव्यावर धरलेले, चांदीच्या डबीतले. मी उत्सवात काम करतो तेव्हा मला कंदिलाची काजळी फासून जावे लागते, कारण घरचे काजळ डोळ्यांत घालायचे असते असे आपल्या भगिनीचे मत आहे. विठूसाठी मात्र डबी आपण होऊन गडग्यावरून पलीकडे गेली. त्या दिवशी मी फक्त आमटीत मीठ नाही असे म्हणालो, तर ते होते.

आता अंत्ययात्रेचे लिहितो, कारण घात तिथे झाला. कंपनीपाशी माणसे भाड्याने आणण्याची ऐपत नव्हती, म्हणून डायरेक्टरने वाडीला हात जोडले आणि चहा-पोह्यांवर सगळी वाडी तयार झाली. तिरडी म्हणून त्याने देवळाची शिडी आणवली आणि विठूला तिच्यावर निजवले. आमच्या वाडीत कोणीही गेले तरी तिरडी बांधतो तो सदू. तो सहज बघायला आला होता. शिडी बघून तो असा भडकला की डायरेक्टर चार पावले मागे सरला. "ह्यो काय कौलां चढवायचा काम हाय?" असे म्हणून सदूने कोयता काढला आणि हिरवे बांबू तोडून आणले. इथून पुढे कोणाचे काही चालले नाही. दादा, आमच्या लोकांना खोटी अंत्ययात्रा येतच नाही, खरीच येते. एकदा तिरडी बांधली गेली की हात आपोआप चालू लागतात. कोणी पाणी तापवले, कोणी विठूला आंघोळ घातली, कोणी नवे कापड पांघरले, कोणी तोंडात तुळशीपत्र ठेवले. जोशीबुवा पंचांग घेऊन वाटेने चालले होते, त्यांच्याही तोंडून सवयीने मंत्र सुटले. विस्तवाचे मडके पुढे निघाले. डायरेक्टर ओरडत होता की नुसते चाला, नुसते चाला. पण पेटीची कळ फिरू लागली होती आणि ती थांबवली तर फीत फुकट जाणार होती. जवळचा भाऊबंद म्हणून पुढचा खांदा माझा. म्हणजे ज्याने माझे काम पळवले, त्यालाच मी खांद्यावरून मिरवत होतो. तो वरून हळूच म्हणाला, "आत्माराम, जरा संथ चल, मला हसू येतंय."

पाणंदीच्या वळणावर बायका गडग्याला टेकून उभ्या होत्या. मी मान वळवून पाहिले. विठूची बायको गोदा तोंडात पदराचा बोळा कोंबून हसत होती. आणि तिच्या शेजारी आपली भगिनी रडत होती. दादा, नुसते डोळे ओले झाले असे नव्हे. हुंदके. घळघळा. मी गेल्या भाद्रपदात हिवतापाने फणफणलो होतो, वैद्यबुवांनी मान हलवली होती, तेव्हा या बाईच्या डोळ्याला पाणी नव्हते. काढा संपवा म्हणून माझ्या अंगावर खेकसत होती. आणि विठूसाठी हुंदके! डायरेक्टरची नजर तिकडे गेली. त्याने तिपाई उचलायला लावून पेटी थेट आपल्या भगिनीसमोर रोवली. आता गोदा चित्रात नाही. (हसणारी विधवा त्याच्या उपयोगाची नव्हती.) खुन्याची बायको म्हणून चित्रात आहे ती माझी बायको, आणि तिच्यानंतर जी पाटी येणार आहे तिचा मजकूरही त्याने मला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवला: "खुनी असला तरी तो तिचा पती होता!" हे चित्र मुंबई, पुणे, नागपूर सगळीकडे लागणार. मीही त्यात आहे. माझी पाठ आहे.

घरी येऊन विचारले, का रडलीस? म्हणाली, मडक्याचा धूर डोळ्यांत गेला. वारा त्या दिवशी खाडीकडे वाहत होता, दादा. बायका उभ्या होत्या उलट अंगाला. मी फिरून विचारले नाही, कारण उत्तराची भीती वाटली.

मसणात विठूभोवती पाण्याचे मडके फिरवून खांद्यावरून मागे टाकायचे कामही माझ्याकडेच आले, कारण विठूला मूलबाळ नाही. मी ते टाकले. (जरा जोरातच टाकले.) मग विठू ठरल्याप्रमाणे सरणावरून उठला, दोन्ही हात पुढे करून पेटीकडे चालत आला, डायरेक्टरने टाळी वाजवली, कळ थांबली, आणि विठू पंच्याने तोंड पुसत घरी निघाला. सदू वाटेत आडवा उभा. "घरात जायाचा नाय," तो म्हणाला. "मडका फुटलाय. आता तू नायस." मंडळी हसली. सदू हसला नाही. मग जोशीबुवांच्या ध्यानात आले की आपण मंत्र सगळे म्हटले, एकही गाळला नाही, आणि त्यांचा चेहरा उतरला. देवळात बैठक झाली. पोथ्या निघाल्या. निकाल असा की ज्याचे संस्कार होऊन गेले तो माणूस परत आला तर त्याने पुन्हा जन्मावे. बारसे, मुंज, सगळे क्रमाने व्हावे, आणि बायको हवी असेल तर तिच्याशी पुन्हा लग्न करावे. तोवर त्याने गोठ्यात राहावे, आणि भाऊबंदाने सुतक पाळावे. भाऊबंद म्हणजे मी.

सुतकात देवळाची पायरी चढायची नाही, म्हणजे महाशिवरात्रीचे नाटकही नाही. माझे काम शेवटी बाळा न्हाव्याने केले. तो हसला तेव्हा लोकांना वाटले त्याला ठसका लागला. मी घरात बसून ते ऐकत होतो. गोठ्यात विठूचा काय थाट! ज्याने यमाचे घर पाहिले तो काय सांगतो ते ऐकायला वाडीतल्या बायका ताटे घेऊन रांगेने जात. कोणी घावन नेले, कोणी सांदण, आणि आपल्या भगिनीने नारळाच्या रसातल्या शेवया नेल्या. मला सुतकात गोड चालत नाही म्हणून पेज. मेलेल्याला शेवया आणि सुतकवाल्याला पेज, हे शास्त्रात कुठे आहे ते मी जोशीबुवांना विचारले, तर ते शेवया खात होते.

मग बारसे. देवळातल्या जन्मोत्सवाचा लाकडी पाळणा आणला आणि त्यात विठूला बसवला. पाय बाहेर, डोक्याला कुंची. बायकांनी पाळणा म्हटला. माझ्याहून थोडाच लहान असा हा माणूस चाळिशी ओलांडून गेला आहे, पण झोका दिल्यावर त्याने असा तोंडभर आनंद दाखवला की आनंदीबाईंसारख्या खाष्ट म्हातारीनेही त्याची दृष्ट काढली. आणि जोशीबुवांनी तेव्हाच दुसरा निकाल दिला: जन्म झाला म्हणजे भाऊबंदाला सोयर आले. आधी सुतक, मग सोयर. मी पुन्हा घराबाहेरच्या पडवीत. मुंजीत विठूचा गोटा झाला, मिशीही गेली, आणि तेव्हा दादा, माझ्या जिवात जीव आला. कारण अर्धे चित्र व्हायचे होते, आणि मिशीवाला खुनी आता गुळगुळीत! डायरेक्टर डोक्याला हात लावून माझ्या पडवीसमोर आला. मी उठलो. आदल्या दिवसापासून मी भुवया वर चढवून ठेवण्याचा सराव करत होतो. सज्जनपणा पुष्कळ कमी झाला होता. त्याने माझ्याकडे पाहिले, मान तिरकी केली, मी भुवया आणखी चढवल्या, आणि तो म्हणाला की सरणाच्या आगीत केस जळाले असे दाखवले तर खुनी अधिकच भयंकर वाटेल, नाही का? हे विचारायला तो आला होता. मी म्हणालो, हो, वाटेल. दुसरे काय म्हणणार? गोटा करून विठू खरोखरच भयंकर दिसत होता.

लग्न फाल्गुनाच्या आरंभी झाले. गोदा पहिल्या लग्नात रडली होती, या खेपेस हसत उभी राहिली. मला सोयर म्हणून माझे पान पडवीत. तिथूनच ऐकले. वाढता वाढता बायकांची थट्टा चालली होती, आणि आपली भगिनी म्हणाली, "गोदा लगेच हो म्हणाली. मी असते तर या वेळी जरा विचार केला असता." सगळ्या खिदळल्या. थट्टा होती हे मलाही कळते. पण दादा, मी भात तसाच टाकून पानावरून उठलो. काम गेले, उत्सव गेला, ते मी सोसले. रात्रंदिवस डोक्यात घोळते ते एकच: ती विठूसाठी रडली. माझ्यासाठी रडेल का?

असो. कंपनी परवाच्या बोटीने गेली. विठू आता धक्क्यावर उभा राहिला की खलाशी त्याला ओळखतात. मी मात्र हे सर्व मनातून काढून टाकले आहे आणि पूर्ववत दुकान बघतो. माझ्या मनात विठूबद्दल काडीचेही वाकडे नाही, हे आपणास पटावे म्हणूनच एवढे लिहिले. वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. लोभ आहेच, तो या पत्राने कमी होऊ नये.

आपला,
आत्माराम

ता. क. मूळ काम लिहायचे राहिले. येत्या बोटीने मी तुमच्याकडे मुंबईस येत आहे, बिऱ्हाडी दोन घास जास्त टाकावे. मी पोचल्यावर थोड्या दिवसांनी तुम्ही मांडवीस एक तार करायची: आत्माराम अकस्मात वारला. एवढेच. (विठूसारखे शिडीवरचे नाटक नको, सरळ तार.) तार पोचायच्या सुमारास मी गलबताने परत येऊन गडग्याआड उभा राहीन. वाडी रडली नाही तरी चालेल. विठूने तर रडूच नये. मला फक्त एकीकडे बघायचे आहे. मग मी उठून पुढे येईन, आणि बारसे, मुंज, लग्न जे काय करायचे ते करू. पाळणा मजबूत आहे, तो मी पाहून ठेवला आहे.

आणखी ता. क. ती रडली नाही, तर मला तुमच्याकडे कायमचे राहता येईल का? गिरगावात दोराला गिऱ्हाईक आहे का, तेही कळवावे.

---

दादास कमळाचा नमस्कार. पत्र चिकटवायला यांनी माझ्याकडे दिले, कारण भाताची शिते माझ्या हाताशी. माझी चौथी इयत्ता झाली आहे हे ते नेहमीच विसरतात.

यांना येऊ दे. चांगले ठेवून घे, चौपाटीवर फिरव, रात्री छातीला तेल चोळून घ्यायला सांग. पण तार पाठवू नकोस. विठूभाऊजी मेले नव्हते हे मलाही ठाऊक होते, आणि मी त्यांच्याकडे बघतही नव्हते. तिरडीच्या ओझ्याने यांची मान वाकली होती. मानेवरचे केस पांढरे झालेत हे मला कधी दिसलेच नव्हते. मनात आले की पुढच्या खेपेला हे बांबूखाली नसतील. आता हे त्यांना कसे सांगायचे? म्हणून धूर म्हटले.

तार खोटी असणार हे आता मला ठाऊक झाले आहे. तरी पोस्टमन दारात उभा राहिला की मला काही ते आठवणार नाही.